पंचेचाळीस किलोमीटरचं वर्तुळ

“तुझं गिऱ्हाईक कोण, ते सांग. वय, गाव, आवडीनिवडी, सगळं भरावं लागतं,” मी म्हणाले.

“माणूस,” चारूआत्या म्हणाली.

“कसला माणूस?”

“ज्याला दागिने हवेत असा.”

मी फोन खाली ठेवला. आत्या परातीसमोर मांडी घालून बसली होती. परातीखाली शेगडीत मोजून चार निखारे, परातीत मूठभर खसखस, आणि ती चमच्याने साखरेचा पाक थेंब थेंब सोडत बोटांनी खसखस फिरवत होती. असं चार दिवस केलं की त्या दाण्यांचा टपोरा पांढरा हलवा होतो आणि त्याला काटा येतो. मग तो दोऱ्यात ओवून, सोनेरी कागदावर चिकटवून संक्रांतीचे दागिने. निम्म्या बायका हलवा बाजारातून किलोवर आणतात आणि नुसता ओवतात. आमच्या आत्याला शॉर्टकट या शब्दाची अ‍ॅलर्जी होती. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, दार धाडकन उघडायचं नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. हलव्याचा काटा हा आमच्या घरातला सगळ्यात लाडावलेला सदस्य होता.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवीत होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकताच माझा दुसरा नंबर आला होता, त्यामुळे जगातलं कुठलंही काम मला येतं अशी माझी पक्की खात्री झाली होती. पहिल्या आलेल्या मुलीचा विषय आपण काढायला नको.

“आत्या, फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करायची म्हणजे चेष्टा नाही. टार्गेट लागतं. तुला नाही कळायचं, मी भरते.”

“भर,” आत्या म्हणाली. “उजेड सोड, पाक दिसत नाही.”

जाहिरातीची वेळ आमच्यावर आली ती बाबांमुळे. बाबांचं वाईत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि जगातला प्रत्येक प्रश्न ही त्यांच्या दृष्टीने एक जळालेली मोटार असते. उघडायची, तांबं बदलायचं, झाकण लावायचं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न तीन महिन्यांत मोडून ती घरी परत आली, ही मोटार मात्र त्यांना दहा वर्षांत उघडता आली नव्हती. त्या वर्षी एका ट्रॅव्हल्सवाल्याला बुकिंगच्या ऑफिससाठी आमची रस्त्याकडची खोली हवी होती, म्हणजे आत्याची दागिन्यांची खोली. आणि पुण्यात बाबांच्या मित्राच्या दवाखान्यात रिसेप्शनला बाई हवी होती. बाबांनी दोन तारा जोडल्या.

“संक्रांतीपर्यंत बघू,” ते म्हणाले. “तीस सेट गेले तर खोली तुझी. नाही गेले तर पुणं. दवाखान्यात एसी आहे.”

“मला कशाला एसी?” आत्या म्हणाली. “काटा मोडतो.”

एकोणीस डिसेंबरला तिच्याकडे ऑर्डरी होत्या सहा. त्यातल्या दोन आईच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या. आई महाबळेश्वरला नर्स आहे, शनिवारी घरी येते, आणि येताना ऑर्डर नाही तर स्ट्रॉबेरी आणते. वाईत आत्याचं काम नावाजलेलं होतं, पण दाखवायच्या वेळी. बायका येत, बाजूबंद हातात घेऊन म्हणत, “काय गं बाई काटा आलाय,” आणि ऑर्डर दुसरीकडे देत. कारण सुनेची पहिली संक्रांत, आणि नवऱ्याला सोडून आलेल्या बाईच्या हातचे दागिने. हे तोंडावर कुणी बोलत नसे. मला माझ्या वर्गातल्या मुलीने सांगितलं, तेही मधल्या सुट्टीत, माझ्याच डब्यातला पराठा खाता खाता.

म्हणून माझं डोकं असं चाललं की, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं विकायचं. खातं आत्याच्या नावाचं, कार्ड आत्याचं, बुद्धी माझी.

पहिली जाहिरात मी एकटीने केली. मागे काळं कापड हवं म्हणून बाबांची काळी पँट पसरली, खिसा दिसत होता तो तन्मणीने झाकला. टार्गेट भरलं, मुली, वय वीस ते अठ्ठावीस, नुकतंच लग्न झालेल्या, आवड दागिने, साड्या, फोटो. वाईपासून पस्तीस किलोमीटर, म्हणजे पाचगणी, महाबळेश्वर, सातारा सगळं आत. दिवसाला दोनशे रुपये. वर मी लिहिलं होतं, ‘परंपरेचा गोडवा, आधुनिकतेचा साज, तुमच्या सौंदर्याला काटेरी बाज.’ याच शैलीवर मला दुसरा नंबर मिळाला होता.

चार दिवसांनी जेवताना बाबांनी विचारलं, “किती आले?”

“चारशे बारा,” मी म्हणाले.

बाबांचा घास हातात राहिला. “दागिने?”

“बदाम.”

“बदाम म्हणजे?”

“लोकांना आवडलं की ते लाल बदाम देतात.”

“त्याचं काय करायचं?”

“काही नाही. ते असतात.”

बाबांनी घास तोंडात घातला आणि आमटीकडे बघत म्हणाले, “दवाखान्यात पगार बँकेत जमा होतो.”

ऑर्डर एकही नव्हती. एका मुलीने नवऱ्याचं नाव टाकून ‘बघ, नाहीतर तू’ असं लिहिलं होतं. एकीने नंतर हे खाता येतं का असं विचारलं होतं आणि मी सविस्तर उत्तर दिल्यावर तिने मला एक बदाम दिला होता.

दुसऱ्या दिवशी नाताळची सुट्टी होती. मी परातीसमोर तोंड पाडून बसले. आत्याने माझा फोन मागितला, म्हणजे हात पाकाचे म्हणून मला धरायला लावला, आणि सगळ्या बदामवाल्या बघितल्या.

“या कोण सगळ्या?”

“नव्या नवऱ्या. टार्गेट.”

“मग या कशाला घेतील?”

“म्हणजे?”

“अगं, सून स्वतःच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने स्वतः मागवते का? सासू आणते. सासूने हौसेने आणायचे, शेजारणींना बोलवायचं, सुनेला पाटावर बसवून घालायचे. सुनेने मागून घेतले तर ते दागिने नाहीत, तो तगादा.”

आठशे रुपयांचे बदाम माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस गिऱ्हाईक कोण, मी म्हटलं माणूस. मग तू म्हणालीस, तुला नाही कळायचं.” आत्याने पाकाचा थेंब सोडला. “म्हटलं, नसेल कळत.”

नवं टार्गेट आम्ही दोघींनी मिळून भरलं. बायका, वय अठ्ठेचाळीस ते पासष्ट.

“सासवांना काय आवडतं?” मी विचारलं.

“चुका काढणं.”

तो पर्याय यादीत नव्हता. आम्ही भक्तिगीतं, पाककृती, मालिका आणि सोन्याचे भाव यांवर खूण केली.

“आणि फोटोत पँट चालणार नाही,” आत्या म्हणाली. “सासूला सून दिसली पाहिजे.”

“सून कुठून आणू?”

मी माझ्या ओळखीतल्या सगळ्या नव्या नवऱ्या मोजल्या. एक पुण्यात, एक गरोदर, एक माझ्याशी बोलत नव्हती. आत्याने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “मीच उभी राहते.”

आत्याचा गेल्या दहा वर्षांतला फोटो फक्त आधार कार्डावर होता, आणि त्यात ती नुकती पकडली गेल्यासारखी दिसते. लग्नात कुणी कॅमेरा काढला की ही बाई आचाऱ्याच्या मदतीला पळायची. आणि आता ती आतल्या ट्रंकेतून एक चंद्रकळा काढून घेऊन आली. काळीभोर, बारीक जरीच्या ठिपक्यांची. घड्या अशा की जणू कालच दुकानातून आणली.

“ही कधी घेतलीस?”

“घेतली होती.”

आम्ही गच्चीवर गेलो. बिंदी, कानातले, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं पांढरंशुभ्र, आणि मागे आमची काळी पाण्याची टाकी, जी मी कोन बदलून घालवली. मी फोनमधून बघितलं आणि दोन सेकंद टिंगल करायचंच विसरले.

“हार मस्त आलाय,” मी म्हणाले.

“चेहरा आला का?”

“हार विकायचाय ना आपल्याला?”

“चेहरा नीट आला पाहिजे, रुजू.”

मी परत काढला. खाली आल्यावर मजकूर तिने स्वतः सांगितला. माझी परंपरा, माझी आधुनिकता, सगळ्यांना तिने घरी पाठवलं. उरलं ते एवढंच: ‘सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते. हलव्याचे दागिने, हलवाही घरी केलेला. चारुता भिलारे, वाई.’

“पूर्ण नाव कशाला? वाई हलवा ज्वेल्स असं काहीतरी ठेवू ना.”

“पूर्ण नाव लिही.”

शेवटी नकाशा आला. वाईच्या भोवती फिकट निळं वर्तुळ, पस्तीस किलोमीटरचं. आत्या वाकून बघत होती.

“यात कोरेगाव येतं का?”

“नाही. थोडं बाहेर राहतंय.”

“आत घे.”

“कशाला? जितकं पसरू तितके पैसे पातळ होतात. सातारा आहे ना अख्खा.”

“तिकडं यंदा लग्नं पुष्कळ झालीत.”

“तुला काय माहीत?”

“पाक लागतोय, बाजूला हो.”

मी वर्तुळ पंचेचाळीस केलं. कोरेगाव कडेला अगदी आतून टेकलं, बसच्या शेवटच्या सीटवर अर्धं बसलेल्या माणसासारखं.

आता सासवा. सासवा बदाम देत नाहीत, थेट फोन करतात. पहिल्या दोन दिवसांत अकरा ऑर्डरी आल्या. आत्याचे हात पाकात, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि मी वहीसकट शेजारी. एक बाई म्हणाल्या, मंगळसूत्राच्या वाट्या मोठ्या करा, खऱ्यातल्या लहान झाल्यात, फोटोत तरी मोठ्या दिसू देत. एकींनी सुनेच्या हाताचं माप सांगितलं आणि वर सांगितलं की कामाला मात्र हात चालत नाही. एकींना जावयाचा हार फुकट हवा होता. आत्या सगळ्यांशी “हो वहिनी, बघते वहिनी” असं बोलायची आणि एक पैसा कमी करायची नाही. सहा आणि अकरा, सतरा. बाबा येता-जाता वहीत डोकावायचे आणि आपण वही बघितलीच नाही असा चेहरा करून जायचे.

एकोणतीस तारखेला दुपारी जाहिरातीखाली एक कॉमेंट पडली. नाव विजयमाला ढाणे, गाव कोरेगाव. फोटोच्या जागी गुलाब.

मी वाचली आणि फोन पालथा केला. ढाणे हे आडनाव मला माहीत होतं, आईच्या तोंडून एकदाच निसटलेलं. आत्याच्या सासरचं. पण गाव माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात त्या गावाला नावच नव्हतं. नुसतं ‘तिकडं’ म्हणायचे. तिकडं दिलं होतं, तिकडून आली, तिकडचा विषय नको. तिकडं म्हणजे कोरेगाव, हे मला त्या गुलाबाने सांगितलं.

“काय झालं?” आत्याने विचारलं.

“काही नाही.”

“वाचून दाखव.”

“आत्या, मी लपवते ती. एक बटण दाबलं की कुणाला दिसत नाही.”

“वाच.”

मी वाचली. “‘ही बाई माझी सून होती. तीन महिन्यांत घर सोडून गेली. जिची स्वतःची पहिली संक्रांत धड झाली नाही ती दुसऱ्यांच्या सुनांना काय नटवणार. शुभकार्याला कुणाच्या हातचं घेतो याचा विचार व्हावा.’ पुढे तीन जोडलेले हात आहेत.”

“किती?”

“तीन.”

“परत वाच. ‘पहिली संक्रांत’पासून.”

मी परत वाचलं. वाचत असतानाच वर मेसेज आला. साताऱ्याच्या एका बाईंनी ऑर्डर रद्द केली होती. ‘घरात चर्चा झाली, कृपया गैरसमज नसावा.’ दहा मिनिटांनी भुईंजच्या बाईंनी. त्यांनी कारणही दिलं नाही. सतराचे पंधरा झाले. आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं विकायचं ही माझी थोर कल्पना, आणि मी दिवसाला दोनशे रुपये भरून बरोब्बर त्याच बाईला जाहिरात दाखवली होती.

“लपवू का?” माझा अंगठा बटणावर होता. “आत्या, सगळ्या वाचतायत. लपवू?”

“आमंत्रण देऊन बोलावलेलं माणूस आलंय,” आत्या म्हणाली. “त्याला दाराआड उभं करतात का?”

मला वाटलं, धक्क्याने तिच्या डोक्यावर परिणाम झाला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बाबा. दुकानातून तसेच आलेले, हाताला वार्निश. कुणीतरी त्यांना फोनवर दाखवलं होतं. वाईत बातमीला वर्तुळ काढावं लागत नाही.

“पुसून टाक ते. आणि ती जाहिरातही काढ. आत्ताच्या आत्ता.”

“दादा, दार लाव. वारा येतोय.”

“वारा गेला खड्ड्यात. दहा वर्षं या घरात कुणी तो विषय काढला नाही, आणि आता सगळ्या जिल्ह्यात चव्हाट्यावर? मी म्हणतच होतो, पुण्याला जा, चार लोकांत काम कर, कुणी ओळखत नाही, कुणी विचारत नाही—”

“त्या संक्रांतीला तू दागिने का पाठवले नाहीस?”

आत्याने हे पाकाच्या थेंबाइतकंच हळू विचारलं. बाबा मधेच थांबले.

“मी?”

“तू. माहेरून.”

“माहेरून कशाला पाठवतील? सासरचा मान असतो तो. मी तिळगूळ पाठवला, वाण पाठवलं, साडी पाठवली. दागिने तिकडचेच—” बाबांनी आत्याकडे बघितलं. “का?”

“त्यांनी चाळीस बायका बोलावल्या होत्या. मला तू पाठवलेली चंद्रकळा नेसवून पाटावर बसवलं. आणि सगळ्यांना सांगितलं, दागिने माहेरून यायचे होते, भिलाऱ्यांना जमलं नाही. प्रत्येक बाई यायची, कुंकू लावायची, माझ्या गळ्याकडं बघायची आणि पुढं जायची. चाळिसावी जाईपर्यंत मी बसले.”

बाबांनी मागे हात करून दार लावलं. अगदी हळू, कडीचा आवाज न करता.

“तू कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलंस, पटलं नाही का. मी म्हटलं, नाही पटलं.”

बाबा स्टुलावर बसले. त्यांच्या हातात काही द्यावं असं मला वाटत होतं, स्क्रूड्रायव्हर वगैरे. हात मोकळे असले की त्यांना काही सुचत नाही.

आत्याने परात शेगडीवरून उतरवली, हे मी पहिल्यांदाच बघत होते, हात धुतले आणि फोन घेतला. एका बोटाने, एक-एक अक्षर शोधत, पंधरा मिनिटं ती लिहीत होती. मी मदत करते म्हटलं तर म्हणाली, “तुझी शैली नको.” मग फोन माझ्याकडे दिला.

‘नमस्कार आई. आपण लिहिलं ते खरं आहे. माझ्या पहिल्या संक्रांतीला दागिने आले नाहीत. मी मोकळ्या गळ्याने बसले, ते आपल्या शेजारच्या सगळ्यांनी पाहिलं. म्हणून मी ते करायला शिकले. कार्तिकात आपल्या धाकट्या मुलाचं लग्न झाल्याचं समजलं, आनंद झाला. सूनबाईंची ही पहिली संक्रांत. मापं कळवावीत. चारुता.’

मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मापं कळवावीत’ला बाबांच्या घशातून एक आवाज आला, जुनी मोटार पहिल्यांदा फिरताना येतो तसा.

“टाकू?” मी विचारलं.

“टाक.”

पहिला तास काहीच नाही. मग एक उत्तर आलं, कोरेगावच्याच एका बाईंचं. ‘मी होते त्या हळदीकुंकवाला. मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. तिळगूळ मात्र चांगला होता.’ आणि मग धरणाचं दार उघडावं तशा बायका आल्या. एकीने लिहिलं, माझ्या सासूने दागिने आणले, पण जाऊबाईंचे मागच्या वर्षीचे, मुंग्यांसकट. एकीने लिहिलं, मला तर बँकेतून रजाच दिली नाही, मी काउंटरवर बाजूबंद घालून बसले. एका सासूबाईंनी बाजू मांडली की आम्ही आणले होते हो, पण सून म्हणाली मला डाएट आहे. त्यावर त्यांच्याच सुनेने खाली लिहिलं, ‘आई, आपण घरी बोलू.’ माझ्या लक्षात आलं, जितक्या बायका येऊन भांडतात तितकी जाहिरात आणखी बायकांच्या फोनवर सरकते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वक्तृत्व स्पर्धेत तर उलटंच शिकवतात.

रात्रीच्या जेवणाआधी भुईंजच्या बाईंचा मेसेज आला. ‘आधीची ऑर्डर कायम समजावी. बाजूबंद वाढवावेत.’

साताऱ्याच्या बाई परत आल्या नाहीत. त्यांच्या घरात अजून चर्चा चालू असावी.

दोन तारखेपर्यंत वहीत चौतीस नावं झाली. ट्रॅव्हल्सवाला खोली बघायला आला तेव्हा बाबा दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी ठोकत बसले होते.

“खोली मोकळी नाही,” त्यांनी मान वर न करता सांगितलं.

“पण तुम्हीच म्हणालात—”

“वारा येतो हो इथं. तुमच्या कामाची नाही.”

आत्याने दिवाळीपासून केलेला हलवा बरण्यांत भरून ठेवला होता, पस्तीस सेट होतील एवढा. मी म्हणाले, बाजारातून आणून आणखी पंधरा करू, आता लाट आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी लाट मागे घेतली.

“मग निदान पस्तिसावा तरी देऊन टाकू. पाचगणीच्या बाई दोनदा फोन करतायत.”

“तो राहू दे.”

“कशाला?”

“एखादा मोडला तर हाताशी हवा.”

“बरं, मग जाहिरात बंद करते. ऑर्डरी घ्यायच्या नाहीत तर रोज दोनशे रुपये कशाला घालवायचे?”

“राहू दे अजून,” आत्या म्हणाली.

ही बाई तीळ निवडताना खाली पडलेला दाणा बोट ओलं करून उचलते. मी आधी हिशोब मांडून दाखवला, मग वाद घातला, मग रुसले. जाहिरात चालू राहिली.

चार तारखेला सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर. आत्या वाणाला वाटायचा हलवा फिरवत होती. मी स्पीकर लावला.

“नमस्कार, भिलारेताईच का?” आवाज तरुण होता, जरा घाबरलेला. “मी कोरेगावहून बोलतेय. ते... मापं द्यायची होती.”

माझी पेन्सिल वहीवरून घरंगळली. आत्याचा हात थांबला नाही.

“बोला. तुमचं नाव?”

“अनुजा. अनुजा ढाणे. पण पावतीवर ढाणे नका लिहू. म्हणजे, तसं सांगितलंय.”

“नुसतं अनुजा लिहिते. गळा सांगा.”

तिने गळ्याचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं. मागून एका बाईंचा आवाज आला, फोनपासून लांब उभं राहून आपण तिथं नाही असं दाखवणारा. “कंबरपट्टा पण म्हणावं. सगळ्या येणार आहेत बघायला.”

“कंबरपट्टा पण,” अनुजा म्हणाली.

“पूर्ण सेटमध्ये असतो तो. पैसे आधी पाठवावे लागतील, पोचवायचे वेगळे.”

मागे बांगड्या वाजल्या. मग तोच आवाज, “हो म्हण.”

“हो,” अनुजा म्हणाली. दार लावल्याचा आवाज आला आणि तिचा आवाज खाली गेला. “ताई, मागच्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे ठरलं होतं, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. मग सगळ्या शेजारणी येऊन विचारायला लागल्या, दागिने मागवले का, मागवले का.”

आत्या बोटं फिरवत राहिली. परातीतला हलवा सरसर वाजत होता.

“कंबरेचं माप सांगितलं नाहीत तुम्ही,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी वहीत पस्तिसावं नाव लिहिलं. आत्याने डाव्या हाताने कोपऱ्यातली शेवटची बरणी पुढे ओढली. मी फोन उघडला. नकाशावर ते निळं वर्तुळ होतं, आणि त्याच्या अगदी कडेला आतून टेकलेलं कोरेगाव. वर आत्याचा फोटो. चंद्रकळा, गळाभर दागिने, पूर्ण नाव, आणि चेहरा असा स्पष्ट की दहा वर्षांनी बघणाऱ्यालाही चष्मा पुसावा लागू नये.

मी वर बघितलं. पंधरा दिवस मी या बाईला टार्गेट म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

“आता बंद कर ती जाहिरात,” आत्या म्हणाली.

“आता का?”

“पोचली,” ती म्हणाली, आणि पाकाचा पुढचा थेंब सोडला.